मेज डगमगता कामा नये

मुंबईहून दिल्लीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ आणि सुरतेहून बारडोलीकडे जाणारा रस्ता हे दोन मार्ग जेथे एकमेकांस छेदतात, ते सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील कडोदरा हे ठिकाण आता केवळ एक खेडे राहिलेले नाही. कापड रंगविणाऱ्या व छापणाऱ्या गिरण्यांनी त्याचे नगर केले आहे. सुरत आणि तिच्या आसपासच्या या औद्योगिक पट्ट्यात ताप्ती लोहमार्गाने खानदेशातून आलेली कित्येक मराठी कुटुंबे ओडिशा, उत्तर प्रदेश व बिहार येथील कामकऱ्यांच्या शेजारी संसार थाटून आहेत. अशा कुटुंबांत अलीकडे एक नवलाची गोष्ट दिसू लागली आहे. बाप गिरणीत बारा तासांची पाळी उभ्याने भरतो, आणि मुलगी घरी संगणकापुढे बसून साड्यांच्या काठपदरांची नक्षी आखते किंवा व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते. संध्याकाळी दोघेही दुखणे घेऊन उठतात. बापाच्या पोटऱ्या भरून येतात व शिरा फुगतात; मुलीची मान आखडते व कंबर धरते. मुलगी म्हणते, “मला उभ्याने काम करण्याचे मेज हवे.” बाप हसून म्हणतो, “अगं, उभं राहायला का कोणी पैसे मोजतं?”

वाचकहो, आमच्या मते या दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि ते कसे, हे समजून घेतल्यावाचून घरात असे मेज आणू नये. मेज निवडावे कसे, ते बसवावे कसे आणि ते डळमळू नये म्हणून काय करावे, याचा विचार आज करण्याचे आम्ही योजिले आहे.

बसणे आणि उभे राहणे

आपल्या वाडवडिलांच्या घरी खुर्ची नव्हती. कारकून गादीवर मांडी घालून बसे व गुडघ्यांपुढे उतरती बैठी डेस्क ठेवून लिही. सुरतेच्या कापडबाजारातील पेढ्यांवर गादीची ती बैठक अजूनही पुष्कळ ठिकाणी दिसते. जमिनीवर बसणारा मनुष्य वारंवार उठतो, पाय बदलतो, वाकतो, हात टेकून उभा राहतो. त्यामुळे शरीरास थोडेफार वळण पडतेच. खुर्ची आली आणि ही उठबस संपली.

उभ्याने लिहिण्यावाचण्याची रीतही नवी नाही. ख्रिस्तमंदिरातील वाचनपीठ म्हणजे तरी दुसरे काय? ते उभ्याने वाचण्याचे मेजच होय. गोव्यास सेंट पॉल कॉलेजात १५५६ साली छापखाना सुरू झाला आणि १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथे छापले गेले. खिळे हाताने जुळविण्याच्या त्या कलेत उतरत्या खणांपुढे उभे राहून काम करण्याची चाल पुढे जगभर रूढ झाली. १९५४ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे हेही उभ्याने लिहीत असत. तेव्हा कल्पना जुनीच आहे. मात्र तिच्याभोवती जाहिरातीचा गलबला नवा आहे.

या गलबल्यात दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली अशी की, बसण्याने होणारे अपाय आणि उभे राहण्याने होणारे अपाय हे दोन्ही वैद्यांना तीनशे वर्षांपासून ठाऊक आहेत. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामकऱ्यांच्या रोगांवरील आपला ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध केला व १७१३ साली त्याची वाढविलेली आवृत्ती काढली. एकाच जागी उभ्याने राबणाऱ्यांच्या पायांच्या फुगलेल्या शिरा आणि दिवसभर बसून लिहिणाऱ्या लेखनिकांची दुखणी, या दोहोंची दखल त्या एकाच ग्रंथात घेतलेली आहे. दुसरी गोष्ट अशी की, खरे औषध उभे राहणे हे नसून हालचाल हे आहे. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांच्या चालकांची व वाहकांची तुलना करून १९५३ साली दाखविले की, दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो. वाहक नुसते उभे नसत, ते चालत व चढत. हे येथे ध्यानात ठेवावे.

उलट बाजूही पाहू. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात सुमारे ७,३०० कामगारांवर १२ वर्षे नजर ठेवून केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्यांचे काम मुख्यतः उभ्याचे होते त्यांना हृदयविकाराचा धोका मुख्यतः बसून काम करणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होता. उभ्याने वजन उतरते, ही समजूतही फोल आहे. बसण्याहून उभे राहण्यास मिनिटाला सुमारे ०.१५ कॅलरी इतकीच अधिक शक्ती लागते. म्हणजे सहा तास उभे राहिले तरी ५४ कॅलरी, फार तर अर्धी-पाऊण पोळी!

म्हणून आमचे म्हणणे असे आहे: उभ्याचे मेज हे बसणाऱ्यास बदल मिळावा एवढ्यासाठी आहे. ज्या बापाने गिरणीत बारा तास उभे राहून काढले, त्याच्यासाठी घरात मेज नव्हे, तर पाठ टेकण्याजोगी खुर्ची आणि पाय वर ठेवण्यास चौरंग हवा. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमात उभ्याने काम करावे लागणाऱ्या कामगारांना संधी मिळेल तेव्हा बसून विसावा घेण्यासाठी आसनाची सोय करावी, असे स्पष्ट लिहिलेले होते, आणि २०२० च्या नव्या श्रमसंहितेतही ती सोय राखली आहे. केरळने २०१८ साली व तमिळनाडूने २०२१ साली दुकानांतील नोकरांसाठीही बसण्याच्या हक्काची तरतूद केली. एकीकडे बसण्याचा हक्क मिळविण्यासाठी कायदे व्हावेत आणि दुसरीकडे उभे राहण्यासाठी मेज विकत घ्यावे, यात वरवर विसंगती दिसते. परंतु दोहोंचा अर्थ एकच. माणसाच्या देहास एकाच स्थितीत जखडून ठेवू नये.

उंची किती असावी?

मेज घेण्यापूर्वी पैशांचा नव्हे, तर उंचीचा हिशेब करावा. घरात जी पादत्राणे घालण्याची सवय असेल ती घालून, अथवा अनवाणी, सरळ उभे राहावे. खांदे सैल सोडावेत, कोपर अंगाशी ठेवून हात काटकोनात वळवावा आणि दुसऱ्या कोणी जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर फितीने मोजावे. साधारणतः हे अंतर माणसाच्या उंचीच्या शेकडा ६३ भाग इतके भरते. पाच फूट, म्हणजे १५२ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे कोपर सुमारे ९६ सेंटिमीटरवर येईल. पाच फूट पाच इंच, म्हणजे १६५ सेंटिमीटरच्या माणसाचे १०४ वर. आणि पाच फूट आठ इंचांच्या माणसाचे १०९ वर. हे आकडे अंदाजाचे आहेत. शेवटी फीत सांगेल तेच खरे मानावे.

संगणकाच्या कळफलकावर काम करावयाचे असेल तर कळा कोपराच्या पातळीस अगर किंचित खाली याव्यात. म्हणून कळफलकाच्या जाडीपुरते दोन-तीन सेंटिमीटर वजा करून मेजाचा पृष्ठभाग ठेवावा. हाताने बारीक लिखाण किंवा नक्षीकाम करावयाचे असल्यास पृष्ठभाग कोपराच्या पाच ते दहा सेंटिमीटर वर असलेला बरा, म्हणजे मान फार वाकत नाही. उलट भाजी चिरणे, कणीक मळणे यांसारख्या जोर लावण्याच्या कामास तो कोपराच्या खाली हवा. आपल्या गृहिणींचा स्वयंपाकाचा ओटा ८१ ते ८६ सेंटिमीटरचा असतो, तो याच न्यायाने. म्हणून “ओट्यावरच संगणक ठेवून काम कर” असे कोणी सुचवील तर त्यास सांगावे की, ओटा पोळ्या लाटण्यास योग्य आहे, परंतु लिहिण्यास ठेंगणा आहे. तेथे कंबर वाकेल.

पडद्याचीही व्यवस्था पाहावी. पडद्याचा वरचा काठ डोळ्यांच्या पातळीस व पडदा डोळ्यांपासून हातभर, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर दूर असावा. घडीच्या संगणकात, ज्यास लॅपटॉप म्हणतात, पडदा व कळा एकमेकींस जोडलेल्या असल्यामुळे एक नीट ठेवू गेल्यास दुसरे बिघडते. त्यासाठी वेगळा कळफलक घ्यावा आणि लॅपटॉप पक्क्या लाकडी पेटीवर उंच ठेवावा. हा खर्च मेजाच्या मानाने थोडा आहे, परंतु मानेस त्याचाच उपयोग अधिक होतो.

मेज का डगमगते?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. बसून वापरण्याचे मेज थोडे हलले तरी खपते. उभ्याच्या मेजाचे तसे नाही. पायांची लांबी वाढली की त्यांचे वाकणे लांबीच्या प्रमाणात वाढत नाही, तर तिच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ७० सेंटिमीटरचा खांब १०५ चा केला, म्हणजे लांबी दीडपट झाली, तर त्याच धक्क्याने त्याचे वाकणे तिपटीहून अधिक होते. शिवाय सांध्यात केसाएवढी फट असली तरी तिचा झोका वरच्या टोकास मोठा होऊन दिसतो. त्यात पडदा आणखी उंच उभा केलेला असला की प्रत्येक अक्षर टंकताना तो थरथरतो, डोळे शिणतात आणि मनुष्य नकळत मेजावर भार टाकून उभा राहू लागतो. असे मेज चार दिवसांत कपडे वाळत घालण्याच्या कामी येते.

डगमगण्याची कारणे चार आहेत. पहिले कारण जमीन. भाड्याच्या खोल्यांतील फरशीस पाणी वाहून जावे म्हणून बहुधा मोरीकडे उतार दिलेला असतो. तीन पायांची तिवई कशाही जमिनीवर गप्प उभी राहते, कारण कोणतेही तीन बिंदू एका पातळीत बसतातच. चार पायांना मात्र चौथ्याची मनधरणी करावी लागते. म्हणून ज्याच्या तळाशी फिरवून उंची कमीजास्त करण्याचे स्क्रू आहेत असेच मेज घ्यावे.

दुसरे कारण चौकट. चार काठ्यांचा चौकोन एका बाजूस ढकलला की तिरपा होतो, त्रिकोण मात्र होत नाही. घराच्या छपराच्या कैचीत तिरप्या दांड्या याच कारणाने घालतात. मेजाच्या दोन पायांमध्ये मागील बाजूस आडवी पट्टी असावी, आणि ती शक्य तितकी रुंद असावी; केवळ वरच्या फळीने दोन पाय धरून ठेवलेले मेज डावीउजवीकडे झुलते. सुताराकडून करवून घेत असल्यास मागे एक तिरपी पट्टी मारून घ्यावी.

तिसरे कारण तळ. खांब कितीही जाड असले तरी त्यांच्या खालचे आडवे पाय आखूड असतील तर मेज पुढेमागे डुलते. फळी ६० सेंटिमीटर खोल असेल तर पायही जवळजवळ तितकेच लांब असावेत. जुन्या वाचनपीठाकडे पाहा: वर पुस्तकापुरती जागा, परंतु खाली रुंद व जड बूड. चौथे कारण म्हणजे सैल सांधे. नवे मेज घट्ट असते. महिनाभराने नटबोल्ट ढिले होतात आणि लोक कारागिरास दोष देतात.

दुकानात मेज पाहावयास गेल्यावर एक साधी परीक्षा करावी. मेज आपल्या उभ्याच्या उंचीवर चढवावे, त्याच्या कडेला स्टीलच्या पेल्यात काठोकाठ पाणी भरून ठेवावे आणि नेहमीच्या जोराने टंकन करून पाहावे. मग फळीस हाताने एकदा पुढेमागे व एकदा डावीउजवीकडे हलका धक्का द्यावा. पाणी थरथरले तर हरकत नाही, सांडले तर ते मेज सोडावे. दुकानदार मेज खाली उतरवूनच दाखवू लागला तर त्याचे कारण वाचकांनी ओळखावे.

कोणते मेज घ्यावे?

बाजारात व घरी मिळून चार प्रकार संभवतात. पहिला प्रकार भिंतीस जडलेल्या फळीचा. ज्याचे घर स्वतःचे आहे त्यास आम्ही हाच सुचवू, कारण ज्या मेजाचा भार भिंत घेते त्याइतके स्थिर दुसरे नाही. लोखंडी त्रिकोणी ब्रॅकेट फळीच्या खोलीच्या निदान दोनतृतीयांश लांबीचे असावे, आणि त्याची भिंतीवरील उभी बाजूही तितकीच लांब असावी. ती आखूड असली तर वरच्या बोल्टवर ओढ फार येते. बोल्ट गिलाव्यात नव्हे, तर पक्क्या विटेत अथवा काँक्रीटमध्ये रुतले पाहिजेत. दगडी फळीचा मोह होतो. परंतु चार फूट लांब, दोन फूट रुंद व अडीच सेंटिमीटर जाड कडप्प्याचे वजन सुमारे पन्नास किलो भरते. चार इंची आडभिंतीवर असा दगड लटकवू नये. दगडच हवा असल्यास ओट्याप्रमाणे दोन बाजूंस विटांचे आधार बांधून घ्यावेत.

दुसरा प्रकार सुताराने केलेल्या एकाच उंचीच्या लाकडी मेजाचा. दक्षिण गुजरातेत सागवानाची परंपरा मोठी आहे. डांगच्या जंगलातील साग वाहून नेण्यासाठीच मुख्यत्वे बिलीमोरा ते वघई ही अरुंदमापी रेल्वे १९१३ साली सुरू झाली. पाय व चौकट सागवानी असावी व वरील फळी निदान १९ मिलिमीटर, शक्य तर २५ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची असावी. प्लायवूडवर मानकसंस्थेचा शिक्का पाहून घ्यावा: साध्या वापरासाठी आय.एस. ३०३, ओलाव्याच्या जागेसाठी आय.एस. ७१०. या भागातील पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की, लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या स्वस्त फळ्यांच्या उघड्या कडा फुगतात व त्यांतील स्क्रू सुटतात. स्वस्ताईचा हा मोह टाळावा.

एकाच उंचीच्या मेजावर बसावे कसे, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर जुन्या विलायती पेढ्यांनी दिलेले आहे: उंच मेजास उंच स्टूल. स्टुलाची बैठक मेजाच्या पृष्ठभागाहून २५ ते ३० सेंटिमीटर खाली असावी, त्यास पाठ असावी, पाय टेकण्यास आडवी दांडी असावी आणि त्याचे पाय खाली पसरट असावेत. अशा रीतीने मेज वरखाली न करता मनुष्यच वरखाली होतो, आणि मोटारीचा खर्च वाचतो. घरात दोघे वापरणारे असतील तर मेज उंच माणसाच्या मापाने करावे व ठेंगण्यासाठी खाली पक्का, रुंद लाकडी पाट ठेवावा. पाट इतका मोठा असावा की, मागे पाऊल टाकताच तोल जाऊ नये.

तिसरा प्रकार विजेच्या मोटारीने अगर हाताच्या दांड्याने वरखाली होणाऱ्या मेजाचा. यात सोय मोठी आहे, खर्चही मोठा आहे. युरोपातील मानकानुसार बसण्याउभ्याच्या मेजाचा पल्ला ६५ ते १२५ सेंटिमीटर असावा. बाजारातील कित्येक मेजे ७० च्या खाली उतरत नाहीत. मग ठेंगण्या व्यक्तीस बसताना पायांखाली पाट घ्यावा लागतो. म्हणून वरची उंची विचारण्याबरोबर खालचीही विचारावी. दोन्ही खांबांस स्वतंत्र मोटार असलेले मेज एका मोटारीच्या मेजाहून सामान्यतः अधिक भार सहज उचलते. खांबाच्या नळ्या एकमेकींत जितक्या अधिक खोल शिरलेल्या राहतील तितका डोल कमी. म्हणून ज्याची कमाल उंची आपल्या गरजेपेक्षा बरीच अधिक आहे असे मेज घ्यावे, म्हणजे आपल्या उंचीवर त्याची ताण-ओढ होत नाही. वर उचलताना काही अडथळा आला तर आपोआप थांबण्याची सोय आहे की नाही, हेही पाहावे. लहान मुले असलेल्या घरात ती अत्यावश्यक आहे.

चौथा प्रकार म्हणजे आहे त्याच मेजावर ठेवण्याची उंच पेटी. भाडेकरूस घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही आणि खोली बारा बाय दहाची असते, तेथे हीच वाट बरी. पेटी सुताराकडून करवावी, तिच्या मागे तिरपी पट्टी असावी, खाली रबराच्या चकत्या चिकटवाव्यात आणि ती खालच्या मेजास दोन शिकंज्यांनी आवळून ठेवावी. परंतु खालचे मेज हलत असेल तर वरची पेटी दुप्पट हलेल, हे सांगावयास नको. पत्र्याच्या ट्रंकांवर ट्रंका रचून त्यावर संगणक ठेवण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये. घरात रांगते मूल असेल तर तो केवळ घातक होय.

बसविण्याची रीत

तयार मेज सुटे भाग होऊन येते. जमिनीवर जुनी गोधडी अंथरून फळी उपडी ठेवावी व त्यावर पाय जोडावेत. सर्व बोल्ट प्रथम हातानेच बसवावेत, एकही पूर्ण आवळू नये. मग चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. ते सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे असे समजावे. न भरल्यास हलका ठोका देऊन सारखे करावेत आणि मगच पान्याने सर्व बोल्ट आळीपाळीने आवळावेत. एक बोल्ट पुरता आवळून दुसऱ्याकडे जाण्याची घाई केल्यास चौकट कायमची तिरपी बसते. फळीत स्क्रू मारण्यापूर्वी बारीक भोक पाडून घ्यावे, म्हणजे लाकूड चिरत नाही.

मेज उलटविण्यास दोन माणसे असावीत व त्यांनी ते फळीस नव्हे, तर चौकटीस धरून उचलावे. जागेवर ठेवल्यावर फळीवर पाणसळ आधी लांबीत व मग रुंदीत ठेवून तळाचे स्क्रू फिरवावेत. कागदाच्या घड्या पायाखाली सारू नयेत; त्या दबतात व मेज पुन्हा लंगडे होते. स्थिर उंचीचे मेज भिंतीस टेकवून, शक्य तर एका ब्रॅकेटने भिंतीस बांधून ठेवावे. वरखाली होणारे मेज मात्र भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे. खिडकीची चौकट, कपाटाची कडी अथवा भिंतीवरील फळी त्याच्या वाटेत येत नाही ना, हे एकदा सावकाश वर चढवून पाहावे.

विजेच्या मेजास तीन पायांची पिन व खरोखर जोडलेली अर्थिंग हवी. अर्थिंगची खात्री तारकाम करणाऱ्याकडून करून घ्यावी. सर्व तारांची लांबी मेज सर्वांत उंच असताना मोजावी, नाही तर पहिल्याच दिवशी मेज वर जाईल आणि तारेस बांधलेला संगणक खाली येईल. या मोटारी सतत चालविण्यासाठी नसतात. बहुतेकांना दोन मिनिटे चालल्यावर सुमारे अठरा मिनिटांचा विसावा लागतो. मुलांनी त्याचा पाळणा करू नये म्हणून कळ बंद करण्याची सोय असल्यास ती वापरावी. जड वस्तू फळीच्या मध्यावर, खांबांच्या रेषेजवळ ठेवाव्यात. पहिल्या महिन्यानंतर एकदा व पुढे पावसाळा संपल्यावर दरवर्षी एकदा सर्व बोल्ट पान्याने तपासावेत. या पाच मिनिटांच्या कामाने मेजाचे आयुष्य वाढते.

उभे राहण्याचे पथ्य

मेज आले म्हणून पहिल्याच दिवशी चार तास उभे राहणे हा उत्साह नव्हे, अविचार होय. आरंभी तासातून पंधरा-वीस मिनिटे उभे राहावे व दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावे. २०१५ साली तज्ज्ञांच्या एका मंडळाने बसून काम करणाऱ्यांना असे सुचविले की, कामाच्या दिवसात एकंदर दोन तास उभ्याने व हालचालीत घालवून पुढे ते चार तासांपर्यंत न्यावेत. हे दोन तासही सलग नव्हेत, तुकड्यातुकड्यांनी. पायांखाली रबराची जाडसर चटई घालावी. वीतभराहून कमी उंचीचा एक ठोकळा ठेवून त्यावर आळीपाळीने एकेक पाय ठेवल्यास कमरेस विसावा मिळतो. गुडघे ताठ करू नयेत. पाय दुखू लागले की बसावे. दुखणे सोसण्यात काही पुरुषार्थ नाही.

ज्यांच्या पायांच्या शिरा फुगलेल्या आहेत, ज्यांना मधुमेहामुळे पायाच्या जखमांचा त्रास आहे, किंवा ज्या स्त्रिया गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून हा प्रयोग करू नये. आणि मेज कितीही चांगले असले तरी ते चालण्याची जागा घेऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांची मध्यम मेहनत सांगितली आहे. भरभर चालणे हीही त्यातलीच. सायंकाळी आईने, मुलीने वा मुलाने अर्धा तास पायी फिरून यावे, ह्यास पैसा लागत नाही.

शेवटी कुटुंबप्रमुखांस आमची एकच विनंती आहे. मेजासाठी जो खर्च ठरवाल त्यातला थोडा भाग घरातील उभ्याने राबणाऱ्या माणसासाठी राखून ठेवा. एक चांगली पाठीची खुर्ची, पाय ठेवण्यास एक चौरंग, आणि तो पाळीवरून आल्यावर त्यास प्रथम बसू देण्याची घरातील सर्वांस सवय, एवढे झाले की घरातील लिहिणाऱ्याचे आणि राबणाऱ्याचे दोघांचेही भागते. मेज कोणते घ्यावे याविषयी घराघरांत मतभेद होतील. परंतु बसणाऱ्यास उठविणे आणि उभ्या असलेल्यास बसविणे, एवढ्या गोष्टीवर कोणत्याही शहाण्या घरात दुमत होण्याचे कारण नाही.